शेक, मालिश आणि शास्त्र : फिजिओथेरपीच्या क्षेत्रातील संधी

बारावीचा निकाल लागला की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात एक निराळीच गर्दी सुरू होते. ज्यांना कधीकाळी पोलिओचे थेंब पाजले, गोवराची लस टोचली, ती मुले आता उंचपुरी होऊन आई-वडिलांसह समोर बसतात. आजार काही नसतो. सल्ला हवा असतो. प्रश्नही बहुधा ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, एम.बी.बी.एस.ला नंबर लागत नाही. आता डेंटलला जावे, आयुर्वेद करावा, की वर्ष गाळून पुन्हा नीट द्यावी?” या यादीत फिजिओथेरपीचे नाव आलेच तर ते सर्वांत शेवटी येते, आणि तेही जरा दबक्या आवाजात. इतके शिकून शेवटी शेकच द्यायचा का, असा भाव पालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो.

आपल्या ग्वाल्हेरात तर या शास्त्राला ‘सिकाई’ हेच नाव रूढ झाले आहे. लश्कर असो वा मुरार, रुग्ण “डॉक्टर ने सिकाई लिखी है” असेच सांगतो. हाड बसवणारे पहिलवान, बाळाला तेल लावणारी बाई आणि साडेचार वर्षे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, चेतासंस्था यांचा अभ्यास करून पदवी घेतलेला फिजिओथेरपिस्ट, असे तिघेही समाजाच्या नजरेत जवळजवळ एकाच पंगतीला बसतात. हा गैरसमज केवळ सामान्य जनांचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तो काही अंशी आपण डॉक्टरांनीच जोपासला आहे, आणि त्याची किंमत लहान मुले व वृद्ध मोजत आहेत. म्हणून या क्षेत्रातील संधींचा विचार विद्यार्थ्यांसाठी करताना तो आपल्या व्यवसायबंधूंसमोरही मांडणे मला अगत्याचे वाटते.

व्यायामशाळेतून रुग्णालयाकडे

आधुनिक फिजिओथेरपीचे एक मूळ व्यायामशाळेत आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे शारीरिक शिक्षणाची संस्था स्थापन केली आणि निरोग्यांच्या व्यायामासोबत रुग्णांसाठीच्या व्यायामालाही शास्त्राची बैठक देण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची संघटना उभी केली. पुढे पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक आणि पोलिओच्या साथींत अधू झालेली बालके यांनी जगाला या शास्त्राची निकड पटवून दिली.

भारतातही आरंभ पोलिओपासूनच झाला, आणि तो मुंबईत झाला. स्वातंत्र्यसैनिक फातेमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी त्यांनी केलेल्या धडपडीतून १९४७ साली मुंबईत अपंग बालकांसाठी एक चिकित्सालय उभे राहिले, आणि त्या कार्यातूनच पुढे हाजी अली येथील बालअस्थिरोग रुग्णालय विकसित झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. हाजी अली येथेच १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. मराठी मुलुखाने या शास्त्राला आपल्या देशात पहिले घर दिले, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांसही अभिमानाने सांगता येण्याजोगी आहे.

आपले ग्वाल्हेरही या परंपरेला अगदीच परके नाही. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराच्या शताब्दीनिमित्त १९५७ साली येथे राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले, आणि आज ते अभिमत विद्यापीठाच्या दर्जाची राष्ट्रीय संस्था आहे. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून येथे आहे. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, धौलपूर येथून रुग्ण जयारोग्य रुग्णालयात आणि आजारी बाळे कमलाराजा रुग्णालयात येत असतात. व्यायामाचे शास्त्र आणि रुग्णसेवा दोन्ही ज्या नगरीत इतक्या जवळ नांदतात, तेथे फिजिओथेरपीला सर्वाधिक मान असावयास हवा होता.

हे काम नेमके काय?

बालरोगशास्त्रापुरते बोलतो, कारण तोच माझा प्रांत. प्रसूतीच्या वेळी खांद्याजवळील नसांचे जाळे ताणले जाऊन ज्या बाळाचा हात लुळा पडतो, त्याच्या आईला पहिल्या काही आठवड्यांतच सांधे कसे हलवावेत, बाळाला कसे उचलावे, कसे निजवावे हे शिकवावे लागते. नस सावरेपर्यंत सांधा आखडला तर सावरलेल्या नसेचाही उपयोग राहत नाही. ड्युशेन प्रकारच्या स्नायुविकारात आजार थांबवता येत नसला, तरी मुलगा आपल्या पायांवर किती काळ उभा राहील आणि त्याचा श्वास किती काळ सुकर राहील, यावर योग्य ताण-व्यायाम, आधारपट्ट्या व श्वसनोपचार यांचा परिणाम होतो. फुफ्फुसात वारंवार कफ साचणाऱ्या मुलाला तो कफ बाहेर काढण्याचे तंत्र शिकवणे हेही फिजिओथेरपिस्टचेच काम. यात शेक कोठेच नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

सेरेब्रल पाल्सीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. लंडनमध्ये कारेल आणि बर्टा बोबाथ या दांपत्याने विसाव्या शतकाच्या मध्यास या मुलांसाठी उपचाराची एक पद्धती घडवली. पती डॉक्टर, पत्नी व्यायामशिक्षणातून आलेली थेरपिस्ट. निरीक्षण बर्टा यांचे, त्याला वैद्यकीय उपपत्ती देण्याचा प्रयत्न कारेल यांचा. कित्येक दशके जगभर हीच पद्धती शिकवली गेली. मात्र २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील इओना नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की थेरपिस्टने मुलाचे अवयव हाताळण्यापेक्षा मुलाने स्वतः, त्याला हव्या असलेल्या कृतीचा, खऱ्या परिस्थितीत वारंवार सराव करणे अधिक फलदायी ठरते. पेला धरायचा असेल तर पेला धरण्याचाच सराव. पायरी चढायची असेल तर पायरीच चढायची. ज्या शास्त्रात जुने पूज्य मत पुराव्यापुढे मागे सारले जाते, त्या शास्त्राला मालिश म्हणणे हा अन्याय आहे. अशा शास्त्रात बुद्धिमान विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल एवढे खाद्य आहे.

येथे तेल-मालिशीविषयी एक शब्द. आजीने बाळाला प्रेमाने तेल लावावे, त्यास माझा मुळीच विरोध नाही. त्या स्पर्शाचे मोल मोठे आहे. परंतु जे बाळ चार महिन्यांनंतरही मान सावरत नाही, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नाही, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरू लागते, त्याला मालिश पुरेशी नाही. “याचे वडीलही उशिराच चालले होते” हे वाक्य आपल्या घरांतून फार ऐकू येते, आणि त्या वाक्यात मौल्यवान महिने निघून जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे, एवढी सवलत मात्र त्याला जरूर द्यावी. आज सविस्तर तपासणीच्या आधारे सेरेब्रल पाल्सीचे निदान, निदानपक्षी तिचा प्रबळ धोका, सहा महिन्यांच्या आत ओळखता येतो. मेंदूची घडण वेगाने होत असते तो हाच काळ, आणि उपचाराची सुरुवातही याच काळात व्हावयास हवी.

गरज किती मोठी?

आकड्यांकडे पाहू. जागतिक पातळीवरील २०१९ च्या अंदाजानुसार सुमारे २४१ कोटी लोकांना, म्हणजे तीन माणसांमागे एकाला, पुनर्वसनसेवेचा लाभ होऊ शकेल असा कोणता ना कोणता विकार होता. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली, आणि साठ वर्षांवरील नागरिक दहा कोटींहून अधिक होते. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके अपुऱ्या दिवसांची जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना व अन्य संस्थांचा अंदाज आहे. नवजात शिशु विभागांमुळे यांतील पुष्कळ बाळे आता वाचतात, ही आपल्या शास्त्राची थोर कमाई होय. पण वाचलेल्या बाळाने पुढे बसावे, चालावे, शाळेत जावे, ही जबाबदारी इन्क्युबेटरपाशी संपत नाही.

पोलिओचा विषाणू आपल्या देशातून गेला; त्याचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. तेव्हा ‘आता फिजिओथेरपीला काम काय उरले?’ असे विचारणारेही भेटले. त्याचे उत्तर कोविडच्या २०२०-२१ या काळाने दिले. अतिदक्षता विभागातून परतलेल्या कित्येकांना चालणे व दीर्घ श्वास घेणे नव्याने शिकावे लागले. अपघात, पक्षाघात, गुडघ्याची शस्त्रक्रिया, कर्करोगानंतरची दुर्बलता यांची रांग तर कायमची आहे.

शिक्षण आणि कायदा

आजवर बी.पी.टी. हा अभ्यासक्रम चार वर्षे अधिक सहा महिने इंटर्नशिप असा होता. त्यानंतर दोन वर्षांचे एम.पी.टी. करून अस्थिस्नायू, चेतासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, बालरोग आदी शाखांत प्रावीण्य मिळवता येते. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ च्या कायद्यान्वये स्वतंत्र परिषद आहे. देशपातळीवर मात्र दीर्घकाळ एकछत्री नियमन नव्हते. ती उणीव २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने भरून काढली. फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे अथवा इतर तज्ज्ञांच्या चमूत राहून व्यवसाय करू शकतो, असे या कायद्याच्या व्याख्येतच नमूद आहे. आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा कालावधी धरला असून प्रवेशासाठी नीटची अट घातली आहे. संक्रमणाचा काळ असल्याने पालकांनी आपल्या राज्याचा त्या वर्षीचा नियम स्वतः पाहूनच अर्ज भरावा.

नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही, हा वाद आपल्या बैठकांतून चवीने रंगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी हे उपपद वापरू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. यावर मतभेद असू शकतात. रुग्णाची दिशाभूल होऊ नये, हा आग्रह रास्तच आहे. तथापि एवढ्या तावातावाने उपपदाची चर्चा करणारे आपण, आपल्या रुग्णाला किती लवकर आणि किती नेमकी चिठ्ठी देऊन या तज्ज्ञाकडे धाडतो, याची चर्चा क्वचितच करतो.

संधी कोठे आहेत?

रुग्णालये व स्वतंत्र चिकित्सालये सर्वांना ठाऊकच आहेत. त्यापलीकडे पाहावे. २०१३ साली पालघर येथून ज्याचा शुभारंभ झाला त्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे, आणि त्या केंद्रांच्या चमूत फिजिओथेरपिस्टचे पद आहे. विशेष मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम, कारखान्यांतील आरोग्य विभाग, अध्यापन व संशोधन ही आणखी काही दालने.

क्रीडाक्षेत्रात तर ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या दार उघडे आहे. २००६ पासून येथे राज्य महिला हॉकी अकादमी आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी येथेच अटल बिहारी वाजपेयी दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन झाले. दिव्यांग खेळाडूच्या खांद्यावर, मनगटावर, उरलेल्या अवयवांवर येणारा भार समजून घेणारे तज्ज्ञ आपल्या देशात थोडेच आहेत. ही विद्या शिकण्यासाठी याहून योग्य गाव दुसरे कोणते?

आणखी एक संधी आपल्या अगदी दारात आहे, आणि ती सांगताना मन थोडे जड होते. लश्करातील जुन्या वाड्यांतून आज कोण राहते? मुले पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापार. वाड्यात सत्तरी-ऐंशीचे आई-वडील. पक्षाघात झाला, खुब्याचे हाड मोडले, की शस्त्रक्रिया उत्तम होते. परंतु नंतर त्या उंच उंबरठ्याच्या, अंधाऱ्या जिन्याच्या घरात त्यांना पुन्हा उभे करणारे कोणी नसते. घरी येऊन, घर पाहून, त्या घराला साजेसा उपचार आखणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट ही आपल्या समाजाची आजची गरज आहे. रुग्ण आपल्या भाषेत बोलू शकला तर सोन्याहून पिवळे.

परदेशाचे आकर्षणही आहेच. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे भारतीय पदवीधर जातात. पण प्रत्येक देशाची नोंदणी, पदवीचे मूल्यमापन व परीक्षा वेगळ्या आहेत. अमेरिकेत तर तेथील प्रवेशपातळीची पदवीच आता डॉक्टरेट दर्जाची आहे. केवळ परदेशाची वाट म्हणून हा अभ्यासक्रम निवडू नये.

नाण्याची दुसरी बाजू

लेख गोडगोड करून संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लहान शहरांत नव्या पदवीधराला मिळणारे पहिले वेतन फारच तुटपुंजे असते, आणि हे त्याला प्रवेशापूर्वीच सांगितले पाहिजे. स्वतःचा जम बसण्यास काही वर्षे लागतात. काम शारीरिक कष्टाचे आहे; प्रगती सावकाश होते आणि तिचे श्रेय बहुधा शल्यविशारदास जाते. काही ठिकाणी रुग्ण पाठवण्याचा मोबदला मागितला जातो, ही लाजिरवाणी गोष्टही आपण जाणतो. आठवड्याच्या शिबिरात यंत्र चालवायला शिकलेले लोक पाटी लावून बसतात ते निराळेच.

महाविद्यालय निवडताना तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी करावी लागली, हे उदाहरण विसरू नये. इमारत व माहितीपत्रक पाहून भुलू नका. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय आहे का, तेथे रोज खाटांवर खरोखर रुग्ण असतात का, बालविभाग व अतिदक्षता विभागात विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो का, अंतिम वर्षाचे विद्यार्थी काय सांगतात, हे स्वतः जाऊन विचारा. ज्या विद्यार्थ्याने रुग्णच पाहिला नाही, त्याच्या हाती पदवी येते. हात येत नाही.

आपल्या हाती असलेली लेखणी

आता व्यवसायबंधूंशी दोन शब्द. आपण चिठ्ठीवर ‘फिजिओथेरपी, दहा दिवस’ असे लिहितो. औषधाच्या बाबतीत ‘गोळी, दहा दिवस’ असे कधी लिहितो का? त्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘३२ आठवड्यांचे जन्मलेले बाळ, सुधारित वय पाच महिने, डावी मूठ सतत मिटलेली, झटके नाहीत, हृदय निर्दोष, डाव्या हाताचा वापर वाढवणे व आईला घरचा कार्यक्रम शिकवणे, महिन्याने अहवाल द्यावा.’ एवढ्या चार ओळींनी बाळाचा उपचार सुरक्षित होतो, समोरच्या तज्ज्ञाला आपले शास्त्र वापरण्यास वाव मिळतो आणि त्याची जबाबदारीही निश्चित होते. चिठ्ठी वाचणाऱ्या पालकांनाही कळते की आपण शेक घ्यायला निघालो नाही. अहवाल आला की तो वाचावा, शंका असल्यास फोन करावा. अशा वागण्यातूनच व्यवसायाची प्रतिष्ठा वाढते. प्रतिष्ठा वाढली की वेतन वाढते, आणि मग हुशार मुले आपणहून या वाटेला येतात.

आपल्या समाजाकडेही एक मागणे आहे. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो. त्यात बी.पी.टी.ला प्रवेश घेतलेल्या एका गरजू विद्यार्थ्याच्या शुल्काचा भार उचलता येईल. समाजाच्या वास्तूतील एक खोली आठवड्यातून दोन सकाळी वृद्धांच्या तोल-व्यायामासाठी आणि विकास मंदावलेल्या बाळांच्या तपासणीसाठी देता येईल. त्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. चटई, बाक, दोन-तीन पायऱ्या, भिंतीला लावलेला आडवा दांडा आणि काम जाणणारा माणूस एवढे पुरते. बालकांच्या तपासणीसाठी महिन्यातील दोन सकाळ देण्यास मी आनंदाने तयार आहे. अस्थिरोग आणि मेंदूविकार क्षेत्रातील सहकाऱ्यांनी साथ द्यावी, ही विनंती.

आणि यंदा बारावीत असलेल्या मुला-मुलींनो, प्रवेश अर्ज भरण्याआधी एखाद्या चांगल्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन आठवडाभर नुसते बसा. एक मूल पन्नास वेळा पडून एक्कावन्नाव्या वेळी उभे राहताना पाहा. ते पाहताना कंटाळा आला तर दुसरा मार्ग शोधा. पुन्हा उद्या यावेसे वाटले, तर तुमच्या गुणपत्रिकेत कितीही गुण असोत, घरच्यांना निःसंकोच सांगा की हेच करायचे आहे.